मदत हवी आहे: खाओसाई गॅलक्सी आणि प्रतिस्पर्धी संघटनेचे विजेते

थायलंडचा मुष्टियोद्धा खाओसाई गॅलक्सी याच्या कारकिर्दीवर मी मराठीत टिपण लिहीत असून एका मुद्द्यावर अडलो आहे. जपानच्या जिरो वातानाबेकडून डब्ल्यूबीएने (वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशन या जागतिक संघटनेने) सुपर फ्लायवेट (५२.१६ किलो) गटाचे विजेतेपद काढून घेतल्यावर खाओसाईने ते नोव्हेंबर १९८४ मध्ये जिंकले आणि १९९१ अखेर निवृत्त होईपर्यंत सलग १९ वेळा राखले. त्याच्या डाव्या हाताच्या ठोशाइतका भेदक ठोसा या गटात क्वचितच कोणाचा असेल, असे माझे प्रामाणिक मत आहे. १९८७ मध्ये जाकार्ता येथे त्याने आयबीएफ या आणखी एका संघटनेचा विजेता राहिलेल्या इंडोनेशियाच्या एल्यास पिकाललाही हरवले. मात्र डब्ल्यूबीसी (वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल) या प्रतिस्पर्धी संघटनेचा त्याच गटातील विजेता, मेक्सिकोचा गिल्बेर्तो रोमान याच्याशी त्याची लढत कधीच झाली नाही.

लढतींच्या नोंदी आणि इंग्रजीतील परिचयलेख मी पाहिले आहेत, परंतु त्यांत निकालांपलीकडे फारसे काही नाही. थाई व स्पॅनिश मला वाचता येत नाही, तरीही त्या भाषांतील कात्रण चालेल. तर्क किंवा ऐकीव माहिती मात्र वापरता येणार नाही. खाओसाई-रोमान लढतीचा प्रस्ताव प्रत्यक्ष मांडला गेला होता का, आणि असल्यास तो मानधन, स्थळ की संघटनांचे नियम यांपैकी कशामुळे फिसकटला, हे सांगणारा त्या काळातील छापील मजकूर कोणाला ठाऊक आहे का?