कपाटातले कॅमेरे – शनिवारच्या आत कळवा

सर्वांना नमस्कार,
हॉलचं कपाट शनिवारी रिकामं करून किल्ली परत द्यायची आहे. खालच्या कप्प्यातले कॅमेऱ्यांचे दोन खोके अजून तिथेच आहेत. आज मोजले: १४. फिल्मचे चार (त्यात एक आग्फा क्लिक थ्री, एक पेंटॅक्स के १०००), छोटे डिजिटल आठ, व्हिडिओ कॅमेरे दोन. मागच्या सभेत 'बघू' म्हणून विषय सोडला होता, आता वेळ उरलेला नाही. कुणाला हवे असतील तर सांगा, नाहीतर सगळे इलेक्ट्रॉनिक कचऱ्याच्या केंद्रावर देऊन येते.
– चिटणीस

*

ताई, व्हिडिओ कॅमेरे कृपया देऊ नका! लहानवाला मिनी-डीव्हीचा, म्हणजे छोट्या डिजिटल टेपचा आहे. आपल्या नाटकांच्या ११ टेप्स माझ्याकडे आहेत आणि त्या चालवायला दुसरं यंत्र कुणाकडेच नाही. त्या कॅमेऱ्यातूनच फायरवायरच्या केबलने संगणकावर उतरवाव्या लागतात, तासाभराच्या टेपला पुरता तास जातो. कॅमेरा गेला तर टेप्स असून नसल्यासारख्या. हे काम दोन वर्षं माझ्याकडून राहिलं आहे, मान्य.
– नाट्यविभाग

*

दादा, टेप्स तुमच्याकडे कशा? त्या ग्रंथालयाच्या नोंदवहीत आहेत, मी स्वतः चढवल्या आहेत. आणि ११ पैकी चार हाय-एट, म्हणजे त्याआधीच्या मोठ्या टेप्स आहेत. हाय-एट मिनी-डीव्हीच्या कॅमेऱ्यात बसतच नाही, म्हणजे मोठा कॅमेराही ठेवावा लागणार. आधी नोंदवहीशी ताळा करू, मग कॅमेरे कुणाकडे ते ठरवू.
– ग्रंथालय

*

टेप्सचं तुमचं ठरेपर्यंत, डिजिटलमधले चार-पाच बालवर्गाला मिळतील का? मुलं स्क्रू काढून आत काय असतं ते बघतील. फेकण्यापेक्षा बरं.
– बालवर्ग

*

मुलांना उघडायला अजिबात देऊ नका. फ्लॅशसाठी आत वीज साठवणारा कपॅसिटर असतो, तो ३०० व्होल्टच्या आसपास भरतो आणि बॅटरी काढल्यावरही भरलेला राहू शकतो. कॉलेजात असताना मी एक वापरून टाकायचा कॅमेरा उघडला होता. हात कोपरापर्यंत बधिर झाला, पुढे कितीतरी दिवस स्क्रूड्रायव्हर धरवत नव्हता.

मुलांना दाखवायचाच तर क्लिक थ्री दाखवा. त्याला बॅटरीच लागत नाही. मागचं झाकण काढून खटका दाबला की शटर उघडताना डोळ्यांनी दिसतं. पेंटॅक्स मात्र केंद्रावर देऊ नका. १९७६ पासून १९९७ पर्यंत हे मॉडेल बनत होतं, शिकणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी वापरलं. बॅटरी फक्त प्रकाशमापकाला लागते, शटर तिच्याशिवाय चालतं. कुणाला फिल्मवर शिकायचं असेल तर मी शिकवीन.

उरलेल्या डिजिटलमधली कार्डं आधी काढून घ्या. नुसतं फॉरमॅट केलं तरी फोटो परत काढता येतात, आणि ते आपल्या घरातल्या मुलाबाळांचे फोटो आहेत. फुगलेली बॅटरी दिसली तर दाबू नका, टोकांना चिकटपट्टी लावून वेगळी ठेवा.
– माजी खजिनदार

*

क्लिक थ्री मी दिलेला आहे, आमच्या बाबांचा. मुलांना दाखवायला माझी काही हरकत नाही. पण झाकण काढायच्या आधी पाठीमागची लाल काच बघा गं. आकडा दिसला तर आत फिल्म आहे. मी कधी उघडलाच नाही. बाबा गेल्यावर आईने तो साडीत गुंडाळून ठेवला होता, तसाच माझ्याकडे आला.
– काकू

*

दोन्ही व्हिडिओ कॅमेरे मी शनिवारी सकाळी येऊन घेतो, सही करून. टेप्स ग्रंथालयाच्याच आहेत, वाद नाही. पण उतरवून झाल्यावर परत देईन, आधी नाही. इतकी वर्षं थांबलो, आता त्या पुन्हा कपाटात जायला नकोत.
– नाट्यविभाग

*

चालेल. पण हाय-एटच्या चार आधी घ्या, त्या जास्त जुन्या आहेत. नोंदवही घेऊन मीही येते.
– ग्रंथालय

*

काकू, आत्ताच हॉलवर जाऊन पाहिलं. लाल काचेत ७ दिसतोय.
– चिटणीस

*

मग हात लावू नका! काचेवर काळी चिकटपट्टी लावा. '१२०' नावाच्या रोल फिल्मवर यात १२ चौकोनी फोटो येतात, म्हणजे सहा तरी काढलेले असतील. चकती फिरवत राहायची, १२ च्या पुढे, हाताला सैल लागेपर्यंत. मगच अंधारात उघडायचा. कृष्णधवल असेल तर इतक्या वर्षांनीही काहीतरी उमटू शकतं. काकू, चालणार असेल तर मी तुमच्या घरी येतो, तुमच्यासमोरच काढू.
– माजी खजिनदार

*

रविवारी या. ताई, तोवर तो तुझ्याच घरी ठेव, खोक्यात नको.
– काकू