पीठ फुगेपर्यंत फिरून यायचंय, पण वेळेचं गणित जमत नाही

उंबरठा:
ऑफिसातून घरी पोचायला साडेसात होतात (पुणे, एरंडवणे). तोवर डोकं पार आंबलेलं असतं. म्हणून रोज टीव्हीसमोर बसण्याऐवजी आठवड्यातून दोनदा असं ठरवलंय: आल्या आल्या कणीक मळायची, ती फुगेपर्यंत चालून यायचं आणि मग पाव भाजायचा. ठरवताना सोपं वाटलं होतं, पण पाव भाजून होईतो अकरा वाजतात आणि सगळी संध्याकाळ घड्याळ बघण्यात जाते. मग ताण उतरणार कसा?

सध्याचं प्रमाण: ३०० ग्रॅम चक्कीची कणीक, २ चहाचे चमचे इन्स्टंट यीस्ट, कोमट पाणी अंदाजाने. पाऊण तास फिरून आलं की पीठ डब्याचं झाकण ढकलत असतं, आंबूस वास येतो. भाजताना पाव मध्ये खचतो, कापला की सुरीला चिकटतो. २८ लिटरचा ओटीजी (ओट्यावर ठेवायचा विजेचा ओव्हन) आहे. चुकतंय कुठे? आणि अंधार पडल्यावर फिरायला जावं तरी कुठे?

परात:
यीस्ट फार होतंय आणि पाणीही कोमट, तेही एप्रिलमध्ये! स्वयंपाकघर ३२-३३ अंशांवर असताना एवढं यीस्ट पीठ अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट करतं. त्यापुढे ताणून ताणून पिठातली ग्लुटेनची (मळल्यावर तयार होणारी चिवट, ताणणारी) जाळी फाटते, वायू धरून ठेवायला काही उरत नाही, म्हणून भट्टीत पाव खचतो. नुसत्या कणकेत कोंड्याचे कण ही जाळी आणखी कापतात. शिकेपर्यंत २०० ग्रॅम मैदा आणि १०० ग्रॅम कणीक घ्या, मग हळूहळू कणीक वाढवा.

वेळेचं म्हणाल तर एका संध्याकाळचं काम दोन संध्याकाळींत वाटून टाका. सोमवारी रात्री जेवणानंतर फक्त मळायचं. वरचं ३०० ग्रॅम पीठ, २०० मिली माठातलं पाणी, ६ ग्रॅम मीठ, अर्धा चहाचा चमचा यीस्ट, १ चमचा साखर, १ मोठा चमचा तेल. पीठ सुरुवातीला हाताला चिकटतं, तेव्हा कोरडं पीठ भुरभुरायचा मोह टाळा. वीस मिनिटं झाकून ठेवलं की निम्मी चिकट आपोआप जाते. मग आठ-दहा मिनिटं तळव्याने पुढे रेटून मळा. लिंबाएवढा गोळा ताणल्यावर न फाटता पातळ पडदा झाला की पुरे. तेल लावलेल्या, तिप्पट मोठ्या डब्यात घालून फ्रिजमध्ये. रागावलेल्या हातांना मळण्याइतकं चांगलं काम दुसरं नाही, आणि तेवढ्यावर त्या दिवसाचं काम संपतं.

मंगळवारी पावणेआठला डबा काढा. थंड पीठच थापून चौकोन करा, घट्ट गुंडाळी करा, जोड खाली ठेवून ८ x ४ इंची टीनमध्ये घाला, वर ओला पंचा. आता निघा फिरायला. थंड पिठाला वर यायला उन्हाळ्यात सव्वा ते दीड तास लागतो, डिसेंबरात दोन. म्हणजे तुम्ही चाळीस मिनिटांनी आलात काय आणि पन्नास मिनिटांनी आलात काय, पिठाला फरक पडत नाही. तुमची खरी अडचण ही घाईच होती. जेवून घ्या, सव्वानऊच्या सुमारास बोटाने हलकेच दाबून बघा. खळगा लगेच भरला तर अजून थांबा, सावकाश अर्धवट भरला तर भाजायला लावा. भरलाच नाही तर वेळ टळली. असं पीठ फेकू नका. तेल लावलेल्या ताटलीत पसरून, लसूण आणि मीठ पेरून चपटंच भाजा.

ओटीजी आधी पंधरा मिनिटं २०० अंशांवर तापवा. टीन खालच्या जाळीवर, ३० मिनिटं. वीस मिनिटांनी वरून फॉईल टाका, कारण छोट्या ओटीजीत वरचा रॉड अगदी डोक्यावर असतो आणि पाव आत कच्चा असतानाच वर काळा पडतो. टीनमधून काढून बुडावर टिचकी मारा, पोकळ आवाज यायला हवा. मग जाळीवर ठेवा आणि झोपा. गरम कापला तर आतली वाफ निघून जायच्या आधीच सुरी फिरते आणि गर चिकट होतो. तुमच्या चिकट पावाचं अर्धं कारण बहुधा हेच.

गल्लीबोळ:
चालण्याबद्दल. अंधार पडल्यावर हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, तळजाई विसरा. तिथे पायाखालचं दिसत नाही आणि वाटा सुनसान असतात. टेकडी रविवारी सकाळी. एरंडवण्यातून प्रभात रोड आणि भांडारकर रस्त्याच्या आतल्या गल्ल्या बऱ्या: झाडं आहेत, दिवे आहेत, रहदारी बेताची. कर्वे रोडच्या कडेने चालू नका. आठ वाजता तिथे धूर आणि हॉर्न, म्हणजे पुन्हा ऑफिसच.

वीस मिनिटं एका दिशेने, मग वळून परत. ताशी साडेचार किलोमीटरने तीन किलोमीटर होतात. बोलता येईल पण गाता येणार नाही इतका वेग ठेवा. पहिली दहा मिनिटं ऑफिसचं संभाषण डोक्यात चालूच राहतं, त्याच्याशी भांडू नका. तीन पावलांत श्वास आत, पाच पावलांत बाहेर. बाहेरचा श्वास लांबला की छातीतली धडधड उतरते. फोन खिशात असू दे, पण मेलचा आवाज बंद. फिरता फिरता ऑफिसचा कॉल घेणारे लोक नेमके कशासाठी बाहेर पडतात हे कोडंच आहे.

हे भरभर चालणं जेवणाआधी. जेवणानंतर शतपावलीच, दहा मिनिटं, रमतगमत.

जाळीवर:
परात यांचं सगळं मान्य, पण ज्या दिवशी खरंच जीव मेटाकुटीला आलाय त्या दिवशी यीस्टच्या वाटेला जाऊच नये. नानकटाई करा. १०० ग्रॅम थिजलेलं तूप आणि ८० ग्रॅम पिठीसाखर हलकं पांढरट होईतो फेटा. १२० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम बेसन, २० ग्रॅम बारीक रवा, पाव चमचा बेकिंग पावडर, वेलदोडा आणि चिमूट मीठ. गोळा होईल इतकंच एकत्र करा. कणकेसारखं मळलंत तर कडक होणार. गोळा फ्रिजमध्ये टाकून चालून या. आल्यावर जरा वेळ बाहेर ठेवा, चपटे गोळे करा, १६० अंशांवर १८ ते २० मिनिटं. कडा जेमतेम रंगल्या की बाहेर काढा. हाताला मऊ लागतील, गार झाल्यावर खुसखुशीत होतात. मऊ आहेत म्हणून पुन्हा आत ढकलाल तर करपतील.

पसरट झाल्या तर तूप पातळ होतं किंवा साखर जास्त. गोळा होतच नसेल तर एक चमचा तूप, पाणी अजिबात नाही. आणि कोरडे जिन्नस रविवारीच मोजून चार बरण्या भरून ठेवा. दमलेल्या डोक्याने मोजताना बेकिंग पावडर दोनदा पडते.

उंबरठा:
सगळ्यांचे आभार. दोन दिवसांची विभागणी डोक्यातच आली नव्हती. मंगळवारी उशीर झाला आणि भाजणं जमलंच नाही तर? आणि ओव्हन लावून फिरायला गेलं तर चालेल का, वेळ वाचेल?

परात:
पीठ फ्रिजमध्ये बुधवारपर्यंत, फार तर गुरुवारपर्यंत टिकेल. रोज एकदा दाबून हवा काढा. वास दारूसारखा यायला लागला तर पाव नको, वर सांगितलेलं चपटं करा.

ओव्हन लावून घर सोडायचं नाही. पीठ एकटं ठेवता येतं, ओटीजी नाही. प्लगही १६ अँपिअरच्या सॉकेटमध्येच, एक्स्टेन्शन बोर्डावर तो तापून वितळतो.

गल्लीबोळ:
एक राहिलं. दोन-तीन आठवडे झोपच लागत नसेल, छाती भरून येत असेल, तर पाव आणि पायपीट यांवर विसंबू नका. डॉक्टरांना भेटा. सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची फोन सेवा १४४१६ वर चोवीस तास, मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

जाळीवर:
आणि वजनकाटा घ्या, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा चालेल. यीस्ट मात्र चमच्यानेच मोजा, दीड ग्रॅमला तो काटा कधी १ दाखवतो, कधी २.