'अ शॉर्ट हाईक' खेळलेल्यांनो, इकडे या आणि अनुभव लिहा

गेले काही दिवस डोक्यात हाच गेम आहे आणि त्याबद्दल बोलायला आजूबाजूला कोणी नाही, म्हणून धागा काढतेय. 'अ शॉर्ट हाईक'. अ‍ॅडम रॉबिन्सन-यू नावाच्या डेव्हलपरने जवळजवळ एकट्याने केलेला, २०१९ ला आला आणि २०२० ला इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलचं सगळ्यात मोठं बक्षीस घेऊन गेला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: क्लेअर नावाची एक पक्षीण पोरगी सुट्टीत तिच्या मे मावशीकडे एका बेटावरच्या पार्कात आलीये, तिला एक महत्त्वाचा फोन यायचाय आणि खाली अजिबात रेंज नाही. रेंज फक्त हॉक पीकच्या माथ्यावर. झाली स्टोरी! वर जायचं, बस.

पण त्या "वर जायचं" मध्ये काय काय होतं ते मला तुमच्याकडून ऐकायचंय. तुम्ही सरळ वर गेलात की खालीच रेंगाळलात? कुठे अडकलात, कुठे मजा आली, काय आवडलं नाही तेही लिहा. सरळ गेलं तर दीड-दोन तासांत संपणारा गेम आहे, सगळं शोधत बसलात तर संध्याकाळ जाते. माझं तर असं झालंय की एवढा छोटा असूनही हे बेट मला काही मोठ्या-मोठ्या ओपन वर्ल्ड गेमपेक्षा (म्हणजे जिथे अख्ख्या जगात हवं तिकडे फिरता येतं) जास्त पाठ आहे, कुठल्या वळणावर कोण उभं आहे हे डोळे मिटून सांगेन. ते का झालं असावं हेच कळून घ्यायचंय.

शेवटाबद्दल लिहिणार असाल तर आधी 'स्पॉयलर' लिहा प्लीज.

*

मी सरळ वर जाणाऱ्यांपैकी. मला कोणी डोंगर दाखवला की माथाच दिसतो, वाटेतलं काही दिसत नाही.

ज्यांना हा गेम कोड्यांचा वाटत नाही त्यांनी कमी पिसांत चढून बघा. सोनेरी पिसं असतात, एक पीस म्हणजे हवेत एक जास्तीची उडी किंवा कड्यावर थोडा वेळ चिकटून चढायची ताकद. जमिनीला पाय टेकले की सगळी परत भरतात. एवढाच नियम. पण दोन-तीनच पिसं असतील ना, तर प्रत्येक कडा म्हणजे हिशोब होतो. इथून चिकटलो तर त्या छोट्या कंगोऱ्यापर्यंत पोचेन का, तिथे पाय टेकले तर पुढे डावीकडे जायचं की वर, एक पीस शेवटच्या उडीसाठी राखून ठेवायचं की आत्ताच वापरायचं... मी एका कड्याखाली उभा राहून नुसता बघत होतो बराच वेळ, कंट्रोलरला हात न लावता. आणि मग एकदम दिसलं की समोरून जायचंच नाहीये, मागच्या उंच खडकावर चढून तिथून पंख पसरून तरंगत यायचं आणि कड्याला मधेच पकडायचं. ते जमलं तेव्हा मी खरंच जोरात ओरडलो.

आणि मग बर्फ लागतो. तिथे थंडीने पिसं गोठतात, पाय टेकून भरत नाहीत. म्हणजे खाली जे शिकलात ते सगळं वर लागू पडत नाही, प्रत्येक पीस जपून. वाटेत गरम पाण्याची कुंडं आहेत ती दिसली की काय बरं वाटतं म्हणून सांगू. एवढ्याशा गेममध्ये शेवटच्या टप्प्याला एकच नियम बदलून अख्खा डोंगर नवा करून टाकलाय त्या माणसाने.

*

माझं बरोब्बर उलटं. मी माथा विसरूनच गेले होते!! खाली समुद्रकिनाऱ्यावर एक पोरगं काठीने बॉल उडवायचा खेळ खेळतं, बीचस्टिकबॉल, त्यातच माझा सगळा वेळ गेला, बॉल खाली पडू न देता किती वेळ चालतंय ते बघत. मग फावडं मिळालं तर जमिनीवर जिथे खूण दिसेल तिथे खणत सुटले, मग मासे पकडायला शिकले, मग कोणाला शिंपले हवे होते ते शोधून दिले, कोणाची हेडबँड हरवली होती ती दिली. कोणीही "लवकर कर" म्हणत नाही. कामांची यादी नाही, डोक्यावर बाण नाही, स्क्रीनच्या कोपऱ्यात काहीही लुकलुकत नाही. मला ऑफिसनंतर दुसरी टू-डू लिस्ट नको असते, म्हणून मी बाकीचे मोठे गेम अर्धवट सोडलेत. हा सोडला नाही.

गंमत म्हणजे हे सगळं करता करता इतकी पिसं जमली की शेवटी डोंगर फारच सोपा गेला. वरच्यांचा अनुभव वाचून वाटतंय की आपण दोन वेगळे गेम खेळलो.

*

सेटिंगमध्ये पिक्सेलचा साईज कमी-जास्त करता येतो. ज्यांना चित्र फार ढोबळ वाटतं त्यांनी तो कमी करा, एकदम स्वच्छ दिसतं. मी मात्र परत पहिल्यासारखा केला, त्या मोठ्या पिक्सेलमध्येच शरद ऋतूतली ती लाल-पिवळी झाडं जास्त छान दिसतात.

*

आमच्याकडे मुलीबरोबर खेळलो. डायलॉग मी वाचायचे, उडायचं काम तिचं. तिला फोनबिनशी काही देणंघेणं नाही, तिला फक्त उंच जाऊन खाली तरंगत यायचं असतं, आणि खाली आलं की परत वर. मला आधी वाटलं कंटाळेल, पण नाही. दर वेळी उतरताना वेगळ्या बाजूला वळायची आणि तिकडे काहीतरी नवीन सापडायचंच, एखादी पेटी, एखादा प्राणी बसलेला. आणि चुकून खाली पडलं तरी काही होत नाही, लागत नाही, मरत नाही, कोणी मारायला येत नाही. लहान मुलांना गेम द्यायचा तर मला हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, कारण पडायची भीती नसली की ती भलतीच धाडसी होतात. तिने ज्या उड्या मारल्या त्या मी एकटी असते तर मारल्याच नसत्या.

तो चित्रकार आठवतोय का कोणाला, जो दर वेळी वेगळ्या जागी भेटतो आणि स्वतःच्या चित्रावर खूष नसतो? तिने त्याची काळजी घ्यायची ठरवली होती. दुसरं काही सुरू करायच्या आधी "तो आज कुठे आहे ते बघू".

*

मी थोडं विरोधात लिहितो, राग मानू नका. गेम गोड आहे, मान्य. पण पझल म्हणून माझी भूक भागली नाही. आणि कॅमेरा! बहुतेक वेळा तो गेमच ठरवतो, आपल्याला हवा तसा फिरवता येत नाही, त्यामुळे उडी मारताना अंतराचा अंदाज चुकतो आणि खडकामागे काय आहे ते कळत नाही. काही लोक म्हणतील त्यामुळेच लपलेल्या गोष्टी सापडायची मजा आहे. असेल. मला त्रास झाला.

ज्यांना बेटही हवंय आणि डोक्याला खुराकही हवाय त्यांनी 'अ मॉन्स्टर्स एक्स्पिडिशन' खेळा, २०२० चा आहे, अ‍ॅलन हेझलडेन आणि त्याच्या टीमचा. एक गोल मटोल राक्षस माणसांबद्दलचं म्युझियम बघायला निघालाय आणि ते म्युझियम छोट्या-छोट्या बेटांवर पसरलंय. पुढच्या बेटावर जायचं तर झाड ढकलून पाडायचं, ओंडका करायचा आणि पाण्यात लोटून पूल करायचा. आडव्या ओंडक्याला बाजूने ढकललं तर तो गडगडत जातो, टोकाकडून ढकललं तर उभा राहतो. पाण्यात दोन ओंडके शेजारी-शेजारी पडले की तराफा होतो. यातलं एक अक्षरही गेम तुम्हाला सांगत नाही, सगळं हाताने करून कळतं. आणि तराफ्यावर उभं राहून समोरच्या कशाला तरी ढकललं की आपणच उलट्या दिशेने निघतो, हे पहिल्यांदा झालं तेव्हा मी हसत सुटलो होतो, कारण त्याआधी कितीतरी वेळ ती गोष्ट माझ्या डोळ्यासमोर होती आणि मला दिसत नव्हती. मग आधी सोडून दिलेली बेटं आठवायला लागतात, अरे म्हणजे तिकडे पण जाता येईल!

हा गेम छोटा नाही हे आधीच सांगतो. पण एकेक बेट छोटं आहे, एखाद्या बेटावर फारच अडलात तर बरेचदा दुसरीकडून वाट असते, आणि अनडू हवं तितक्या वेळा. सोकोबान (पेट्या ढकलून जागेवर न्यायचा जुना कोडं-गेम) ज्यांनी खेळलाय त्यांना घरी आल्यासारखं वाटेल.

*

वरच्या प्रतिसादाला: कोडं म्हणजे फक्त ओंडके-पेट्या ढकलणं असं कशाला? 'अ शॉर्ट हाईक'मध्ये नकाशा नाही हे कोणीच लिहिलं नाही अजून. वाटेवर पाट्या आहेत, पुढे होकायंत्र मिळतं, पण स्क्रीनच्या कोपऱ्यात मिनीमॅप, म्हणजे आपण कुठे आहोत ते दाखवणारा छोटा नकाशा, नाही की एम दाबलं आणि सगळं बेट समोर आलं. त्यामुळे "नदीच्या वरच्या अंगाला, धबधब्याच्या डावीकडे" असं डोक्यात ठेवावं लागतं. धागाकर्तीने विचारलंय ना की बेट पाठ का होतं, माझ्या मते हेच उत्तर आहे. मोठ्या गेममध्ये आपण मिनीमॅपच्या ठिपक्याकडे बघत चालतो, इथे डोंगराकडेच बघावं लागतं.

बेट आणि कोडं यांचं नातं जुनं आहे. 'मिस्ट' १९९३ चा, रँड आणि रॉबिन मिलर या भावांचा. तिथेही एक बेट, कोणी काही सांगायला नाही, वहीत टिपणं काढत बसायचं. मी तो फार नंतर खेळले आणि थक्क झाले ते या गोष्टीने, की तुम्हाला शेवट माहीत असेल तर सुरुवातीच्या बेटावरूनच काही मिनिटांत गेम संपवता येतो. कुलूप फक्त तुम्हाला माहीत नसण्याचं आहे. बेटावर हे जमतं कारण चारी बाजूंनी पाणी आहे, म्हणजे उत्तर इथेच कुठेतरी आहे ही खात्री असते.

*

स्पॉयलर. स्पॉयलर. शेवटाबद्दल लिहितोय.

वर पोचल्यावर फोन येतो तो आईचा. तिचं ऑपरेशन झालेलं असतं. म्हणजे पूर्ण गेमभर क्लेअर कशाची वाट बघत होती ते तेव्हा कळतं, आणि मग मागचं सगळं एकदम वेगळं दिसायला लागतं, तिचं सुरुवातीला गप्प गप्प असणं, मावशीने तिला "जा, फिरून ये" म्हणणं. मावशीला माहीत होतं ना!

माझ्या घरी असाच एक काळ येऊन गेलाय, हॉस्पिटलच्या फोनची वाट बघण्याचा, जास्त लिहीत नाही. त्या वेळी काय करायचं हे कोणालाच सुचत नाही, नुसतं फोनकडे बघत बसतो माणूस. या गेमने त्या वाट बघण्याला काहीतरी हातात दिलं, मासे पकड, शिंपले वेच, कोणाशी तरी दोन शब्द बोल. आणि फोनवर ती आईला आधी काय सांगते, तर आपण कसे वर आलो ते. त्यानंतर तो वाऱ्याचा जोराचा झोत येतो, आपण वर उचलले जातो आणि पूर्ण बेटावरून तरंगत खाली. मी लगेच खाली उतरलो नाही, जमेल तितका वेळ वरच घिरट्या घातल्या.

डेव्हलपरने हे डायलॉगमध्ये समजावून सांगितलं असतं तर मला नकोसं झालं असतं. दोन मिनिटांचं बोलणं आहे फक्त.

*

+१ शेवटाला. आणि म्युझिकबद्दल कोणीच नाही लिहिलं?! मार्क स्पार्लिंगचं आहे. एक ट्रॅक संपला मग दुसरा सुरू, असं होत नाही, तुम्ही जसे फिरता तशी वाद्यं आत येतात नि बाहेर जातात. खाली चालताना शांत असतं, कड्यावरून उडी मारून पंख पसरले की तेच म्युझिक मोकळं होतं. हेडफोन लावून खेळा, टीव्हीच्या स्पीकरवर अर्धं निसटतं.

*

मी फावल्या वेळात गेम बनवायला शिकतोय, त्यामुळे माझा अनुभव जरा वेगळ्या बाजूने. अ‍ॅडमचं गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समधलं २०२० चं भाषण नेटवर आहे, याच गेमच्या मेकिंगवर, जरूर ऐका. तो आधी एक मोठा आरपीजी (रोल-प्लेइंग गेम) करत होता, ते रेंगाळायला लागलं म्हणून बाजूला ठेवून हे काही महिन्यांत केलं. ओपन वर्ल्ड म्हटलं की आपल्याला वाटतं मैलोन्मैल जागा पाहिजे, इथे जागा एवढीशी आहे पण उभी आहे! एकाच डोंगराला वळसे घालत जायचं, त्यामुळे खालून वरचं आणि वरून खालचं सारखं दिसत राहतं, आणि तरंगत यायची सोय असल्याने परत येणं म्हणजे शिक्षा नाही. आपण चढलेला रस्ता उतरताना वरून दिसतो तेव्हाच तर तो लक्षात राहतो.

माझ्या स्वतःच्या प्रोजेक्टमधलं अर्धं जग मी यानंतर काढून टाकलं. आता एकच टेकडी आणि एक विहीर आहे. काम पहिल्यांदाच पुढे सरकतंय.

*

उशिरा लिहितेय पण एक सांगायचं राहू नये. शेवट झाला म्हणून गेम बंद करू नका, परत सुरू केला की बेट तसंच असतं आणि उरलेलं सगळं करता येतं. मोटारबोट चालवायला मिळते, ती कित्येकांना माहीतच नसते. डोंगरावर शर्यत लावणारी एक आहे, तिला हरवायचं असेल तर पायवाट सोडा, तोवर तुम्हाला तिच्यापेक्षा जवळचे रस्ते माहीत झालेले असतात. आणि पाणी घालायची झारी मिळाली नसेल तर शोधा, काही झाडं पाणी घातलं की फुलतात आणि त्यांच्यावर उडी मारली की थेट वरच्या कड्यावर. मला ते फार उशिरा कळलं, तुम्ही खालच्या झाडांपासूनच सुरुवात करा.