कृषी कार्ड सासऱ्यांचं, काजूची बिलं माझ्या नावावर. पैसे अडकले

सत्तरीची सून:
नमस्कार. गोव्यात वाळपईपासून थोडं आत आमचं घर. डोंगरावर काजू, खाली जेमतेम सुपारी-नारळाचं कुळागर. २०२३ च्या मे महिन्यात सासरे वारले, ऐन बिया वेचायच्या दिवसांत. बाराव्यापर्यंत कुणी डोंगरावर फिरकलंच नाही, बोंडू झाडाखाली कुजून गेले. मग मी आणि सासूबाईंनी उरलेल्या बिया वेचून, वाळवून सोसायटीत घातल्या. आधीच्या खेपा धरून ६४० किलो भरल्या. दर मिळाला ११८. त्या वर्षी सरकारने काजूची आधारभूत किंमत १२५ वरून १५० केली होती, म्हणजे फरकाचे किलोमागे ३२ प्रमाणे २०,४८० रुपये सरकारकडून यायला हवे होते.

घोळ असा की कृषी कार्ड (कृषी खात्याचं शेतकरी नोंदणीचं) सासऱ्यांचं आणि घाईत सगळी बिलं माझ्या नावावर झाली. अर्ज परत आला. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "बाय, तुझं नाव एक-चौदावर कुठे आहे?" जमिनीच्या त्या उताऱ्यावर माझं नाव नाहीच आहे! एक-चौदावर सासऱ्यांच्या वडिलांचं नाव, आणखी दोन चुलत घरांची नावं, आणि ती माणसं पण आता नाहीत. वेचताना मात्र माझेच हात चिकाने भाजले होते.

आणि एक. सासरे गेल्यावर किसान सन्मानचे २,००० त्यांच्या खात्यात पुन्हा जमा झाले. काढावे की नको?

डिचोलीकर बागायतदार:
दुसरा प्रश्न आधी. त्या दोन हजारांना हात लावू नका. मृत्यूचा दाखला जोडून विभागीय कृषी कार्यालयात कळवा, नाहीतर पुढे वसुलीची नोटीस येते. त्या योजनेत १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर झालेल्यांना घेत नाहीत, पण मालक वारल्यामुळे वारसाकडे आलेली जमीन चालते. म्हणजे तुमची वाट बंद नाही.

आता काजू. कार्ड, बिल आणि बँक खातं, तिन्हीकडे एकच नाव लागतं. जुनी बिलं बदलून मिळतील असं मला वाटत नाही, ते २०,४८० गेले असंच धरा. पुढचा हंगाम वाचवा. नवीन कार्ड तुमच्या नावावर काढायच्या मागे लागू नका, सासूबाईंच्या नावावर काढा. आपल्याकडच्या कायद्याने नवऱ्याच्या मिळकतीत बायकोचा अर्धा वाटा असतो, तेव्हा त्यांचा हक्क सगळ्यात आधी. बाकीच्या वाटेकऱ्यांची ना हरकत लिहून घ्या.

पेडणेवाला:
ना हरकत म्हणे! आमच्या भाटाच्या, म्हणजे बागायतीच्या, कागदावर सतरा नावं आहेत, त्यातली चार पोर्तुगालात. सही मागायला गेलं की आधी विचारतात, "झाडं तोडून प्लॉट पाडताय काय?"

सत्तरीची सून:
चुलत घरांचं जमेल, गणपतीला सगळे एकत्र येतात. नणंद मुंबईला आहे, तिचीही सही लागेल का?

डिचोलीकर बागायतदार:
लागेल. मुलीचा वाटा मुलाइतकाच. आणि जावयाचीही लागेल, हे लोक हमखास विसरतात. सब-रजिस्ट्रारकडे वारसाहक्काचा दस्त करतानाच दोघांना बोलवा, त्यावरच मामलेदाराकडे नावं चढवायचा अर्ज होतो. पण आजोबांच्या वेळचा दस्त झालेला नसेल तर सुरुवात तिथून.

सत्तरीची सून:
झालेला नाही. सासूबाईंना आत्ता विचारलं. म्हणाल्या, "माझ्या नावावर? मला सही कुठे येते?" अंगठा चालतो ना?

डिचोलीकर बागायतदार:
चालतो. आधार मात्र खात्याला जोडलेला आहे का ते बघून घ्या, आणि आधारवर नि पासबुकावर नाव एकसारखं आहे ना तेही. आमच्या आईच्या एका कागदावर माहेरचं नाव निघालं होतं. दोन पावसाळे गेले त्यात.