‘विश केलं’ म्हणजे नेमकं काय केलं?

दादरच्या आमच्या ऑफिसात काल यावरून वाद झाला. एक सहकारी म्हणाली, “सकाळी साहेबांना विश केलं, तर त्यांनी बघितलंसुद्धा नाही.” मी विचारलं, आज वाढदिवस का त्यांचा? तर नाही, नुसतं ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं होतं. मुंबईत हे सर्रास ऐकू येतं. पोरं शाळेत टीचरना विश करतात, लिफ्टमध्ये शेजारच्या आंटी भेटल्या की आई कोपराने ढोसते, “विश कर!” इंग्रजीत असं चालतं का? आणि मराठीत काय म्हणावं?

—

इंग्लंड-अमेरिकेतल्या माणसाला ‘आय विश्ड हिम’ एवढंच सांगितलंत, तर तो पुढच्या शब्दाची वाट बघत राहील. या अर्थाने तिथे ‘विश’ला दोन कर्मं लागतात, कोणाला आणि काय: ‘आय विश्ड हिम अ हॅपी बर्थडे’, ‘आय विश्ड हर लक’. ‘काय’ गाळून टाकायचं आणि उरलेल्याचा अर्थ ‘नमस्कार केला’ असा घ्यायचा, ही भारतीय इंग्रजीची रीत. मी तिला चूक म्हणणार नाही, इथे सगळ्यांना कळतं. परदेशी मेल लिहिताना मात्र ‘ग्रीटेड’ किंवा सरळ ‘सेड हॅलो’ लिहावं.

खरी फसगत पुढे आहे. ‘आय विश’नंतर अख्खं वाक्य आलं, की बहुधा जे नाही त्याची हळहळ असते. ‘आय विश आय न्यू’ म्हणजे मला माहीत असतं तर! आपल्याकडे हे काम ‘असतं तर’ करतं. म्हणून आजारी माणसाला ‘आय विश यू गेट वेल सून’ लिहू नये. ‘आय होप यू गेट वेल सून’ लिहावं, नाहीतर ‘आय विश यू अ स्पीडी रिकव्हरी’. मी स्वतः एका क्लायंटला चुकीचं लिहून बसलोय. तो तरीही बरा झाला, हा त्याचा मोठेपणा.

शब्द मात्र परका नाही हो. ‘विश’, जर्मन ‘वुन्शन’ आणि संस्कृत ‘वाञ्छ्’ ही एकाच कुळातली भावंडं. शके 1212 मधल्या पसायदानात ‘जो जे वांछील तो ते लाहो’ आहे, त्यातलं ‘वांछील’ हे ‘विश’चं सख्खं नातलग. उलट ‘शुभेच्छा’मधली इच्छा इंग्रजी ‘आस्क’च्या घरातली.

—

‘इच्छा’वरून आठवलं. नाक्यावरच्या बॅनरवर खाली पंचवीस फोटो असतात ते ‘शुभेच्छुक’. महापालिकेची निवडणूक जवळ आली की त्यातले निम्मे ‘इच्छुक’ निघतात!

मूळ प्रश्नाबद्दल: आपण ‘विश’ या एकाच पिशवीत दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्यात. वाढदिवसाला ‘शुभेच्छा दिल्या’ म्हणावं. ‘अभीष्टचिंतन’ कार्यक्रमपत्रिकेत शोभतं, आठ बावीसच्या लोकलमध्ये नाही. सकाळच्या विशला आमचे गिरगावातले आजोबा ‘रामराम केला’ म्हणत, मग समोरचा पारशी असो की इराणी हॉटेलवाला. आणि तुमच्या सहकारी बाईंची तक्रार विशची नाहीच मुळी. तिला म्हणायचंय, “साहेबांनी ओळखसुद्धा दाखवली नाही.” ‘ओळख दाखवणं’ याला इंग्रजीत इतका नेमका शब्द मला तरी सापडलेला नाही.

—

‘ओळख दाखवली नाही’ हे माझ्या त्या सहकारीला एकदम पटलं. ‘रामराम’वर मात्र अडली. म्हणते, तोंडाने ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं आणि घरी येऊन ‘रामराम केला’ सांगायचं, हे खोटं नाही का होत?