प्रतिसाद: ६० हँडवरचा थ्री-बेट १०%

पोकरमध्ये व्हीपीआयपी (स्वतःहून पैसे लावून खेळलेल्या डावांचा टक्का) ४० आणि पीएफआर (टेबलावरचे पत्ते उघडण्याआधी रेझ, म्हणजे पैज वाढवलेल्या डावांचा टक्का) ८ असलेला खेळाडू नुसता कॉल करत, म्हणजे समोरच्याइतकेच पैसे लावत बसणारा, हे वरच्या पोस्टमध्ये लिहिलंय ते पटलं. ६० हँडमध्ये (डावांत) तेवढा अंदाज येतो. पण त्याच ६० हँडवरून 'थ्री-बेट १०% दिसतोय, म्हणजे हलक्या पत्त्यांवर फोर-बेट मारा' हा तिथलाच सल्ला मात्र महागात पडेल. थ्री-बेट म्हणजे कुणाच्या रेझवर पुन्हा रेझ, आणि फोर-बेट म्हणजे त्यावर आणखी एक. थ्री-बेटचा टक्का एकूण हँडवर काढत नाहीत. त्या खेळाडूच्या आधी कुणीतरी रेझ केलेला असेल, तेवढ्याच संधी मोजतात. समजा ६० पैकी अशा २० आल्या. मग १०% म्हणजे फक्त दोनदा! ज्याचा खरा आकडा ५% आहे, त्यालाही २० संधींत दोन किंवा जास्त थ्री-बेट लागण्याची शक्यता साधारण २६% असते. क्वीन्स, किंग्ज किंवा एसेसची जोडी आणि एस-किंग मिळून, हातातल्या दोन पत्त्यांच्या १३२६ शक्य कॉम्बोंपैकी ३४, म्हणजे जेमतेम २.६%. दोनदा चांगले पत्ते आले, एवढंच झालेलं असू शकतं.

हडच्या (HUD, स्क्रीनवर खेळाडूंची आकडेवारी दाखवणारं सॉफ्टवेअर) पॉपअपमध्ये टक्क्याशेजारी संधींची संख्या दाखवायची सोय असते, ती आधी चालू करा. शंभरेक संधी झाल्या की पोझिशननुसार (टेबलावरच्या जागेनुसार) फोड बघा. बटनच्या (डीलरच्या जागेवरच्या) रेझवर बिग ब्लाइंडमधून (मोठी सक्तीची पैज लावणाऱ्या जागेवरून) १२% असणारा माणूस पहिल्या जागेवरच्या रेझला ४% वर असू शकतो, आणि एकत्रित आकड्यात हे दिसतच नाही.