'क्ष-किरण काउंटरपार्ट'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : गॅमा किरणांच्या स्रोतांवर लिहिते आहे. 'अज्ञात स्रोतांची क्ष-किरण प्रतिरूपे शोधणे' असं लिहिलं, पण 'प्रतिरूप' खटकतंय. 'जोडीदार' चालेल का?

उत्तर : 'जोडीदार' नको. जोडताऱ्यातल्या दुसऱ्या ताऱ्याला आपण तेच म्हणतो, आणि काही गॅमा स्रोत खरोखरच जोडतारे असतात. 'प्रतिरूप' म्हटलं की नक्कल डोळ्यांपुढे येते. इथे वस्तू एकच आहे, फक्त ती दोन प्रकारच्या किरणांत दिसते. मी 'क्ष-किरणांतलं रूप' म्हणेन.

'अज्ञात'ही काढा. स्रोत माहीत आहे, त्याची ओळख पटलेली नाही. गॅमा किरण आरशाने एकवटता येत नाहीत. फर्मी या गॅमा किरणांच्या अवकाश दुर्बिणीत टंगस्टनच्या पातळ पत्र्यांमध्ये त्यांच्यापासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन तयार होतात आणि त्यांच्या वाटेवरून दिशा काढतात. त्यामुळे अंधुक स्रोताची जागा काही कलांच्या लंबवर्तुळापलीकडे नेमकी सांगता येत नाही. (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग; चंद्रबिंब साधारण 30 कलांचं.) तेवढ्यात कितीतरी तारे आणि दीर्घिका मावतात! स्विफ्ट उपग्रहावरच्या क्ष-किरण दुर्बिणीला तिथे काही दिसलं, तर त्याचा ठावठिकाणा काही विकलांपर्यंत (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) लागतो.

प्रश्न : म्हणजे रूप सापडलं की ओळख पटली?

उत्तर : नाही, आणि हा फरक मराठीत जपायलाच हवा. लंबवर्तुळात सापडलेला क्ष-किरण स्रोत आधी नुसता 'उमेदवार'. तिथे योगायोगानेही एखादा असू शकतो. फर्मीच्या यादीत जागा वगैरे पाहून जुळवलेले स्रोत 'संबंधित' ठरतात. 'ओळख पटली' म्हणायला दोन्ही किरणांत एकच स्पंदन किंवा एकाच वेळचे चढउतार असा पुरावा लागतो. फर्मीच्या चौथ्या यादीतल्या पाच हजारांवर स्रोतांपैकी 1,300 हून अधिक स्रोतांचा कशाशीच संबंध लागलेला नव्हता.

मिथुन राशीतला जेमिंगा हा स्रोत पाहा. 1970 च्या दशकात गॅमा किरणांत सापडला. नाव 'जेमिनी' (मिथुन) आणि गॅमा यांवरून, पण इटलीतल्या मिलानच्या बोलीत ते 'तिथे नाही' असंही ऐकू येतं. 1983 मध्ये आइनस्टाइन उपग्रहाच्या निरीक्षणांतून क्ष-किरणांतला उमेदवार पुढे आला. ओळख पटली 1992 मध्ये : रोसॅट उपग्रहाला क्ष-किरणांत 237 मिलिसेकंदांचं स्पंदन दिसलं, आणि तेच गॅमा किरणांतही मिळालं. तो स्पंदक ताराच (पल्सार) होता. मधली नऊ वर्षं तो 'उमेदवार' होता, हे शब्दातून कळलं पाहिजे.

प्रश्न : मग वाक्य असं करते : 'ओळख न पटलेल्या गॅमा स्रोतांसाठी क्ष-किरणांत उमेदवार शोधणे.' 'रूप' हा शब्द ओळख पटल्यावरच वापरेन.

उत्तर : हे चोख आहे. असंच ठेवा.